वरचं किती, खालचं किती

गणपतीत आमच्या गल्लीतल्या मंडळाचं रक्तदान शिबिर असतं. टार्गेट शंभर बाटल्यांचं, आणि दुपारी तीनपर्यंत साठ-पासष्टच झालेल्या असतात, मग अध्यक्ष गल्लीत फिरून दिसेल त्याला धरून आणतो. गेल्या वर्षी मी सापडलो. इचलकरंजीत माझं टॅक्सचं छोटं ऑफिस आहे, वीस तारीख तोंडावर आलेली, जीएसटीचे ३बी रिटर्न भरायचे अजून पन्नासेक राहिलेले, तरी म्हटलं दहा मिनिटांचं काम, देऊन येऊ. कॉलेजात असताना दोनदा दिलेलं रक्त, त्यामुळं सुईचं काही वाटत नाही. वजन झालं, बोटाला टोचून हिमोग्लोबिन झालं, मग बीपीचा पट्टा बांधला. त्या ताईनं एकदा बघितलं, हवा सोडली, परत भरली, परत सोडली आणि विचारलं, "दादा, चालत आलात का पळत?"

वरचं १५६, खालचं ९८.

पंधरा मिनिटं खुर्चीवर बसवून ठेवलं. मागं डीजेचं टेस्टिंग चालू, समोर बिस्किटं आणि कॉफी. परत बघितलं तर १५२/९६. "आज नको दादा, एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या." रक्तदात्याचं वरचं १४० च्या आत आणि खालचं ९० च्या आत लागतं, हे तेव्हा मला माहितीच नव्हतं. कॉलेजात दिलं तेव्हा माझं किती भरलेलं ते कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. अध्यक्ष म्हणाला, "तुला कुठलं रं बीपी भावा, एकतीस वय तुझं, मशीन बिघडलं असंल." मलाही ते लगेच पटलं, म्हणजे पटवून घेतलं. बिस्किटपुडा मात्र दिला त्यांनी.

आपल्याकडं बीपी हा शब्द आजारापेक्षा भांडणात जास्त वापरतात. "माझं बीपी वाढवू नको", "ह्याला बघितलं की माझं बीपी वाढतं". त्यामुळं घरी सांगितल्यावर पहिली प्रतिक्रिया अपेक्षेप्रमाणेच आली. आई म्हणाली, "तापटच हाईस तू लहानपणापासनं." बायकोनं विचारलं, डोकं दुखतंय का, चक्कर येते का. काहीच नव्हतं. खरं सांगायचं तर त्या आठवड्यात मला एकदम फ्रेश वाटत होतं. पुढं डॉक्टरांनी सांगितलं ते हेच, की बहुतेकांना काही म्हणजे काहीच होत नाही, ज्याला डोकेदुखी वगैरे समजून आपण वाट बघत बसतो ती बऱ्याचदा येतच नाही, आणि येते तेव्हा काम पुढं गेलेलं असतं.

आमचे डॉक्टर जुने, आप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, वेळेपासूनचे. त्यांनी पहिल्यांदा गोळी लिहून दिली नाही, बसवलंच नीट. पाठ टेकून, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, हात टेबलावर छातीच्या लेव्हलला, आणि पाच मिनिटं गप्प. मी जीएसटीचं काहीतरी बोलायला लागलो तर हातानंच थांबवलं. लघवी लागली असेल तर जाऊन या म्हणाले, चहा-सिगरेट अर्ध्या तासात झालीय का विचारलं, आणि दंड बघून मोठा पट्टा काढला, कारण जाड दंडाला छोटा पट्टा बांधला की आकडा उगाच जास्त येतो. दोन्ही हातांचं घेतलं. तरी १४८/९४. मग म्हणाले, दवाखान्यात येऊन वाढणारेही पुष्कळ असतात, घरी मशीन घ्या, आठवडाभर सकाळी दोनदा आणि रात्री दोनदा, पहिला दिवस सोडून द्यायचा, बाकीच्यांची सरासरी काढायची. घरच्या आकड्याला लाईन थोडी खाली असते, १३५/८५. सरासरी काढणं हे आपलं रोजचंच काम. एक्सेलमध्ये टाकलं. १४६/९४ आली. दोन वेळा फॉर्म्युला तपासला.

त्या रात्री दोनपर्यंत मोबाईलवर वाचत बसलो. एकच प्रश्न होता डोक्यात, माझ्या वयाच्या किती जणांना असतं हे? म्हणजे मी एकटाच की काय. हा प्रश्न आजारी माणसाचा कमी आणि नापास झालेल्या पोराचा जास्त आहे हे मला कळत होतं, वर्गात अजून कोण कोण नापास झालंय ते आधी बघायचं असतं.

तर एकतर आकडे सापडत नाहीत आणि सापडले की एकमेकांशी जुळत नाहीत. आपल्याकडच्या तेरा लाख प्रौढांच्या मोजणीवरचा एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एका मेडिकल जर्नलमध्ये आला, मोजणी २०१२ ते १४ मधली, त्यात १८ ते २५ वयाच्या पोरांमध्ये १२.१ टक्के. अठरा ते पंचवीस! साठ पोरांचा वर्ग धरला तर सात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९ ते २१ च्या, पंधरा वर्षांवरच्या बायकांत २१ टक्के आणि पुरुषांत २४ टक्के, ह्यात म्हातारेकोतारे सगळे आले. आयसीएमआर ह्या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचा २०२३ मध्ये छापलेला अभ्यास वीस वर्षांवरच्यांचा, तो सांगतो ३५.५ टक्के. वय वेगळं, साल वेगळं, मोजायची पद्धत वेगळी. आणि अशा सर्वेक्षणात माणूस एकाच दिवशी, एकाच बैठकीत मोजला जातो, त्यामुळं माझ्यासारखे डीजेच्या आवाजात बसलेले काहीजण त्यात उगाच धरले जात असणार. बॅलन्सशीट बघायची सवय असल्यामुळं मला हे लगेच दिसलं आणि जरा बरंही वाटलं. पण निम्मे जरी वजा केले तरी आकडा काय शून्यावर येत नाही.

ह्याहून मजा अमेरिकेची. तिथं २०१५-१६ मध्ये १८ ते ३९ वयाच्यांत बीपीवाले साडेसात टक्के होते. २०१७-१८ ला तेच २२.४ टक्के. दोन वर्षांत तिप्पट, काय झालं काय असं वाटतं, तर मधल्या काळात तिथल्या हृदयरोगवाल्या संस्थांनी लाईन १४०/९० वरून १३०/८० वर आणली. पोरं तीच, रक्त तेच, रेघ सरकली. आपल्याकडं आणि युरोपात निदानासाठी १४०/९० चीच रेघ चालते. आमच्या धंद्यात ह्याला स्लॅब बदलणं म्हणतात, रात्रीत माणूस टॅक्सच्या कक्षेत येतो. हसू आलं, पण मग हेही वाचलं की रेघ उगाच सरकवलेली नाही.

कारण तिथं एक अभ्यास चालूय, १९८५-८६ मध्ये चार शहरांतली १८ ते ३० वयाची पाच हजारांवर पोरंपोरी घेतली आणि तेव्हापासून त्यांना सोडलंच नाही. चाळिशीच्या आत कुणाचं बीपी किती होतं आणि पुढं त्याचं काय झालं, हे जवळजवळ १९ वर्षं बघितलं. ज्यांचं नॉर्मल होतं त्यांच्यात हजार जणांमागं वर्षाला हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे १.३७, आणि १४०/९० च्या वर होते त्यांच्यात ८.०४. मधल्या पट्ट्यातल्यांचं, १३०-१३९ वाल्यांचं, ३.१५. म्हणजे हजारातले ९९२ त्या वर्षी व्यवस्थित घरी जातात, हे मी स्वतःला बरेचदा सांगितलं. पण ते वर्ष एकच नसतं ना, एकतिसाव्या वर्षी ज्याचं चालू झालं त्याच्या मीटरला पुढची तीस-चाळीस वर्षं आहेत. व्याजाचं गणित मला कुणी शिकवायला नको.

डॉक्टरांनी मग माझी अशी चौकशी केली की इन्कम टॅक्सवाल्यानं केली नसेल. कमी वयात सापडलं की मागं काही लपलंय का ते बघावं लागतं म्हणाले, किडनी, किडनीची रक्तवाहिनी, थायरॉईड, किडनीवरच्या त्या छोट्या ग्रंथी. रक्त, लघवी, ईसीजी, पोटाची सोनोग्राफी झाली, डोळ्याचा पडदा बघितला. एकदम वाकून माझ्या पायाची नाडी बघायला लागले तेव्हा मी म्हटलं आता हे काय, तर काहींना जन्मतः छातीतून खाली जाणारी मोठी रक्तवाहिनी एके ठिकाणी चिमटलेली असते, मग हातात प्रेशर जास्त आणि पायाची नाडी मंद. नाक चोंदल्यावरच्या गोळ्या घेतो का, पेनकिलर किती, जिमची पावडर आहे का. घोरतो का, ह्यावर बायकोनं माझ्या आधी उत्तर दिलं आणि जरा सविस्तरच दिलं. आणि एक प्रश्न विचारला ज्याची मी अपेक्षाच केली नव्हती, ज्येष्ठमध चघळतो का? आमच्या घरात यंत्रमागामुळं सुताची पूड कायम नाकातोंडात असते म्हणून आईच्या डब्यात ज्येष्ठमधाच्या काड्या असतातच, गाणारे लोक गळ्यासाठी ठेवतात तशा. तर म्हणे रोज जास्त चघळलं की अंगात मीठ-पाणी धरून राहतं, पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं. काड्या बंद केल्या. आकडा हलला नाही. रिपोर्ट सगळे नॉर्मल. म्हणजे बहुसंख्य लोकांना असतं तेच, ज्याला एक असं कारण नसतं, आईबापाकडून आलेलं थोडं, मीठ थोडं, वजन थोडं, झोप थोडी.

आईबापाकडून, हे ऐकल्यावर आज्जा आठवला.

आज्जाला १९८७ मध्ये 'वारं गेलं'. आमच्याकडं असंच म्हणतात, अंगावरनं वारं गेलं. सकाळी मागाच्या खात्यावर जाताना शर्टाची बटणं लावता येईनात, मग तोंड वाकडं झालं, मग उजवी बाजू गेली. वय बावन्न. कुणी म्हणालं उसाला रात्री पाणी पाजताना भर थंडीत भिजला म्हणून, कुणी म्हणालं बाहेरचं आहे. लकव्याच्या तेलानं मालिश केली, कबुतराचं रक्त लावायला सांगितलं कुणीतरी तेही लावलं. अकरा वर्षं खाटेवर होता. मी त्याला चालताना कधी बघितलेलाच नाही. माझ्या आठवणीतला आज्जा म्हणजे भिंतीकडं तोंड केलेला एक मोठा माणूस, डाव्या हातानं भाकरी कुस्करणारा.

आता "हल्लीच्या पोरांना बीपी, आमच्या वेळी नव्हतं" हे वाक्य मी वर्षभरात किमान शंभर वेळा ऐकलंय, लग्नात, बारशात, बँकेत. पिझ्झा, मोबाईल, रात्रीची जागरणं, सगळ्यांची यादी तयार असते. जागरणाचं आणि वजनाचं मला मान्य आहे, मी काही धुतल्या तांदळाचा नाही. पण तुमच्या वेळी नव्हतं हे तुम्हाला कसं कळलं? मोजलं कुणी? एका रात्री आप्पांनीच टीव्हीचा आवाज कमी करून विचारलं, "आज्जाचं किती असंल रं?" त्यांना माहीत नव्हतं, आज्जीला माहीत नव्हतं, बावन्न वर्षांत त्या माणसाच्या दंडाला पट्टा बांधलेला कुणाला आठवत नाही. एकतिसाव्या वर्षी त्याचं माझ्यासारखंच १५० असू शकेल, बारा-बारा तास मागाच्या खडखडाटात उभा असायचा, आणि असल्या आवाजात वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांत बीपी जास्त सापडतं असं बऱ्याच अभ्यासांत आलंय. किंवा नसेलही. आमच्या खानदानाच्या हिशोबात पहिली नोंदच माझी.

शेजारच्या काकांनी सल्ला दिला, सर्पगंधा घे, गोळीच्या नादी लागू नको. मी आपलं सर्पगंधाचंही वाचलं, कारण ह्या वर्षात मी काहीही वाचत होतो. तर ती चेष्टा नव्हे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील, हृदयरोगतज्ज्ञ, त्यांनी सर्पगंधाच्या मुळीचा बीपीवरचा उपयोग नीट पेशंटवर तपासून १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला, आणि मग जग ह्या मुळीच्या मागं लागलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं, १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचं लास्कर पारितोषिक मिळालं. बीपीवरच्या जगातल्या पहिल्या कामाच्या औषधांपैकी एक मुंबईतून गेलेलं आहे हे मला शाळेत कुणी सांगितलं असतं तर आवडलं असतं. पुढं त्या औषधानं काही पेशंट उदास व्हायला लागले, आणखी चांगल्या गोळ्या आल्या, ते मागं पडलं, त्यामुळं काकांचं ऐकून मुळी उगाळून घेण्यात अर्थ नाही. पण मी साल बघत होतो. १९४९. आणि पट्टा तर १८९६ चा, तो बांधून स्टेथोस्कोपनं आवाज ऐकायची कोरोत्कोव्हची पद्धत १९०५ ची. आज्जाच्या वेळी सगळं होतं. त्याच्यापर्यंत चालत आलं नाही एवढंच.

आणि आता तरी येतं का? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या रिपोर्टात भारतातले ३० ते ७९ वयाचे बीपीवाले जवळजवळ १९ कोटी, त्यातल्या ३७ टक्क्यांनाच निदान झालेलं, आणि आटोक्यात फक्त १५ टक्क्यांचं. हे तीसच्या पुढचे हं. सरकारी तपासणीही तिशीपासून धरतात. २०१७ मध्ये बीपी कंट्रोलचा एक सरकारी उपक्रम पाच राज्यांत सुरू झाला, आपल्याकडं सातारा, सिंधुदुर्ग वगैरे जिल्ह्यांत, काम चांगलं आहे त्याचं, पण त्याचाही भर तिशीच्या पुढच्यांवर. म्हणजे बावीस वर्षांच्या पोरानं समजा ठरवलंच की आपलं बघून घ्यावं, तर त्याला कुणी बोलवत नाही. पोरींचं गरोदरपणात तरी बघितलं जातं, माझ्या बायकोचं नऊ महिन्यांत दरवेळी बघितलेलं, कार्डावर ओळीनं आकडे आहेत. त्याच काळात मी तिच्याबरोबर दर महिन्याला त्याच बाकड्यावर बसायचो, पट्टा दोन फुटांवर होता.

तीन महिने डॉक्टरांनी बिनगोळीचे दिले. मिठाचा विषय निघाल्यावर आमच्या घरात जे झालं त्यावर वेगळं लिहावं लागेल. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत म्हणजे छोटा चमचाभर, सगळं मिळून. मी भाजीत मीठ कमी करायला सांगितलं आणि आईनं ते मन मारून केलंही, पण मीठ भाजीत कुठं होतं, ते होतं लोणच्यात, खारातल्या मिरचीत, ताकात, सकाळच्या मिसळीवरच्या फरसाणात, आणि पापडात, तेही डबल, कारण पापडखारातही सोडियमच. पाव सुद्धा. ऑफिसात दुपारी चारला येणारी भडंगची पुडी मी सहा वर्षं 'हलकं खाणं' म्हणून खात होतो! रात्रीच्या झोपेचं काही फारसं जमलं नाही, वीस तारीख दर महिन्याला येतेच. चालायला लागलो, अठ्ठ्याहत्तरचा चौऱ्याहत्तर किलो झालो. सरासरी १३९/९० वर आली. उतरली खरी, पुरेशी नाही.

मग गोळी. "एकदा चालू झाली की आयुष्यभर सुटत नाही", हे तर सगळेच सांगतात, जणू गोळीनंच बीपी होतं. चष्म्याबद्दल असं कुणी म्हणत नाही. पण मलाही पहिले आठ दिवस ती पाकिटातून काढताना इकडं तिकडं बघावंसं वाटायचं, आणि हे तुम्हाला वाचून हसू येईल, मी दुसऱ्या पेठेतल्या मेडिकलमधून आणायचो.

आणि मग कळलं, मी एकटा नाही. एकदा क्लायंटच्या ऑफिसात बॅग उघडली आणि माझ्या बीपीच्या गोळीची, टेल्मिसार्टनची, स्ट्रीप खाली पडली. सायझिंगवाला, म्हणजे मागाच्या सुताला खळ लावून देणारा पोरगा आहे तो, एकोणतीस वर्षांचा, उचलून दिली आणि म्हणाला, "चाळीस का वीस?" मी म्हटलं चाळीस. "माझं अॅम्लो पाच. पाय सुजतात जरा. घरी सांगितलं नाही." त्यानंतर मी मुद्दाम बोलायला लागलो, उगाच विषय काढायचा, की मला चालू आहे. मग एकेकजण निघत गेला, कॉलेजच्या ग्रुपमधले दोघं, बँकेतला एक, मेहुण्याचा मित्र पुण्याचा ज्याचं टर्म इन्शुरन्सच्या मेडिकलमध्ये सापडलं, एक बहिणीची मैत्रीण जिला बाळाचा विचार चाललाय म्हणून माझ्यासारखीच असलेली गोळी बदलून दिली कारण ती गरोदरपणात चालत नाही. सगळे पस्तिशीच्या आतले. सगळ्यांचं म्हणणं सेम, आमच्या वयात कुणाला नसतं.

ह्या दिवाळीत भाऊबीजेला सगळे घरी जमलेले, मी मशीन बाहेर काढलं. आधी हसले, मग लाईन लागली. आप्पांचं, आईचं, आत्याचं घेतलं, मी जुन्या हिशोबाच्या वहीत दोन रकाने केलेत, वरचं आणि खालचं, त्यात लिहीत गेलो. शेवटी चुलत भाऊ, बावीसचा, माग तोच बघतो आता. मांडी घालून, तोंडात चकली, मोबाईलवर कुणाशीतरी बोलत बोलत हात पुढं केला, १४४/८८. म्हटलं असं नाही, खुर्चीवर बस, फोन ठेव, पाच मिनिटं गप्प. त्याला पाच मिनिटं गप्प बसवणं हे गोळीपेक्षा अवघड होतं. परत घेतलं, १३४/८४. अमेरिकेत असता तर नाव लागलं असतं, इथं घरच्या १३५/८५ च्या रेघेला एका आकड्यानं बाहेर.

"मग, पास का नापास?"

म्हटलं पंधरा दिवसांनी परत घेऊ, आणि वही पुढं ओढली.

"दादा, नाव नको लिहू माझं," तो आईकडं बघत हळूच म्हणाला, "लग्नाचं बघायलेत."

मी नुसती तारीख टाकली आणि पुढं आकडा लिहिला.